वाळकेश्वरची माग्दा

12 फेब्रुवारी 1951. मुंबईतल्या इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन लँग्वेजेसमध्ये एका चित्रकर्तीचं प्रदर्शन उघडायचं होतं. निमंत्रणं गेली होती. उद्घाटनाला अवघे काही तास उरले असताना ती चित्रकर्तीच गेली. प्रदर्शन रद्द झालं नाही. आलेल्या लोकांनी ती चित्रं पाहिली, पण ती काढणारी बाई त्या खोलीत नव्हती.

तिचं नाव माग्दा नाखमन. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, 20 जुलै 1889 चा. मृत्यू मुंबईत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. या दोन टोकांमध्ये रशियातली क्रांती, बर्लिनमधला हिटलरचा उदय, भारताचं स्वातंत्र्य आणि मुंबईत उगवलेली आधुनिक चित्रकला, एवढं सगळं तिने जवळून पाहिलं. लिओन बाक्स्ट तिचा शिक्षक होता आणि मार्क शगाल एकाच चित्रशाळेतला तिचा सोबती. कवयित्री मरिना त्स्वेतायेवा आणि लेखक व्लादिमिर नबोकोव्ह यांना समोर बसवून तिने त्यांची चित्रं काढली. आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं ती मुंबईत, वाळकेश्वरला राहिली. रोज सकाळी दिवा-डोंबिवलीहून गच्च भरलेल्या लोकलने जे.जे. कलाशाळेत जाणाऱ्या मुलामुलींना शगाल ठाऊक असतो. तो शिकला त्याच चित्रशाळेतली एक विद्यार्थिनी आपल्या मुंबईत राहिली, रंगली आणि इथल्याच मातीत मिळाली, हे त्यांना कुणी सांगत नाही.

माग्दाचे वडील ज्यू, पेशाने वकील. आई बाल्टिक प्रांतातली जर्मन, ल्यूथरन पंथाची. मुलं आईच्या धर्मात वाढली. घरात जर्मन आणि रशियन दोन्ही भाषा चालत. घर सुखवस्तू होतं, मुली शिकल्या-सवरल्या. शाळा संपल्यावर माग्दा चित्रकलेकडे वळली आणि 1907 च्या सुमारास एलिझावेता झ्वान्त्सेवा या बाईंच्या चित्रशाळेत दाखल झाली.

या शाळेविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण माग्दाची नजर इथेच घडली. सरकारी अकादमीत तेव्हा पुतळ्यांच्या नकला, ठरावीक छायाप्रकाश, ठरावीक विषय असा शिरस्ता होता. झ्वान्त्सेवाच्या शाळेत हे काही नव्हतं. रंग शिकवायला बाक्स्ट, रेखाटन शिकवायला दोबुझिन्स्की. मॉडेल समोर बसे, विद्यार्थी आठवडाभर काम करत आणि बाक्स्ट येऊन सगळ्यांची चित्रं एकत्र मांडून त्यांवर बोले. स्वतः कुंचला घेऊन विद्यार्थ्याचं चित्र तो दुरुस्त करत नसे. हिरव्याशेजारी लाल आला की दोन्ही कसे बदलतात, त्वचेचा रंग मागच्या पडद्यामुळे कसा वेगळा दिसतो, हे ज्याचं त्याने पाहून शिकायचं. 1910 मध्ये ‘अपोलॉन’ मासिकाच्या कचेरीत या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा कुठल्याच चित्राखाली काढणाऱ्याचं नाव नव्हतं. शाळेचं काम म्हणून ते पाहिलं जावं, ही त्यामागची भूमिका. रेपिनसारख्या जुन्या, मातब्बर चित्रकाराने त्यावर सडकून टीका केली. त्याच वर्षी बाक्स्ट पॅरिसला गेला आणि त्याच्या जागी कुझ्मा पेत्रोव्ह-वोदकिन आला. मोजके शुद्ध रंग आणि घट्ट, सोपे आकार यांवर त्याचा भर. माग्दाने दोघांकडूनही घेतलं. चित्रातला माणूस फापटपसारा टाळून नेमका उभा करण्याची तिची हातोटी मला या दुसऱ्या गुरूची देणगी वाटते.

1913 च्या उन्हाळ्यात ती मैत्रिणींबरोबर क्रिमियातल्या कोक्तेबेलला गेली. काळ्या समुद्राच्या काठी कवी आणि चित्रकार मॅक्सिमिलियन वोलोशिन याचं घर होतं. उन्हाळा आला की कवी, नट, चित्रकार तिथे मुक्कामाला येत, दिवसभर समुद्र आणि रात्री कविता. त्या वर्षी तिथे वीस वर्षांची एक तरुणी आली होती. लग्न झालेलं, पदरात वर्षाचंही न झालेलं मूल, नावावर कवितांची पुस्तकं. ती मरिना त्स्वेतायेवा. माग्दाने तिला समोर बसवलं आणि तैलरंगात तिचं चित्र केलं. पुढे ही तरुणी विसाव्या शतकातल्या थोर रशियन कवींमध्ये गणली गेली. तिच्या हयातीत तिला प्रत्यक्ष पाहून केलेलं रंगीत व्यक्तिचित्र म्हणून जाणकार हेच पुढे करतात. त्स्वेतायेवावरच्या कितीतरी पुस्तकांत ते छापलं गेलं आहे. ते काढणारी बाई मुंबईत वारली, हे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल.

मग महायुद्ध आलं, पाठोपाठ क्रांती. माग्दा तोवर मॉस्कोत होती. ‘मीर इस्कुस्त्वा’ या नामवंत कलामंडळाच्या प्रदर्शनांत तिची चित्रं लागू लागली होती, नाव होऊ लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच शहरातलं अन्न संपलं. सरपण नाही, भाकरी नाही, रंग तर नाहीतच. पोटासाठी तिने शहर सोडलं. एका आडगावी जंगलखात्याच्या कचेरीत कारकुनी केली. नंतर नेवेलजवळच्या उस्त-दोलिस्सी या खेड्यात लिल्या एफ्रॉन या मैत्रिणीबरोबर लोकनाट्यगृहात काम केलं. ही लिल्या म्हणजे त्स्वेतायेवाची नणंद. शेतकऱ्यांसाठी नाटकं बसवायची, आणि माग्दाने पडदे रंगवायचे, नेपथ्य उभं करायचं. मैत्रिणींना तिने लिहिलेली त्या काळातली पत्रं टिकली आहेत, म्हणून हे सगळं आज कळतं. ज्या हातांना बाक्स्टने रंग शिकवला, ते हात ऐन उमेदीच्या वर्षांत हजेरीपटावर आकडे लिहीत होते, हे वाचताना फार वाईट वाटतं.

मॉस्कोला परतल्यावर तिची गाठ एका भारतीय माणसाशी पडली आणि इथून ही कथा आपल्या अंगणात येते.

मंडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य. मद्रासचा अय्यंगार, जन्म 1887 चा. पाँडिचेरीत सुब्रमण्य भारतींच्या ‘इंडिया’ पत्राच्या कामात होता, तिथून लंडनला गेला आणि ‘इंडिया हाऊस’ या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात सावरकरांच्या गोटात सामील झाला. मदनलाल धिंग्राने कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्यावर 5 जुलै 1909 ला कॅक्स्टन हॉलमध्ये निषेधाची सभा भरली. सावरकर निषेधाच्या ठरावाच्या विरोधात उभे राहिले, पामर नावाच्या इसमाने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला आणि शेजारच्या एका तरुणाने पामरच्या डोक्यात काठी हाणली. सावरकरांच्या चरित्रांत हा प्रसंग येतो. काठी हाणणारा तो तरुण म्हणजे हा आचार्य. पुढे बर्लिन, स्टॉकहोम, काबूल असं करत तो ताश्कंदला पोचला. 17 ऑक्टोबर 1920 ला तिथे परदेशस्थ भारतीयांनी कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, त्याचा अध्यक्ष आचार्यच होता. पक्षाचे एक संस्थापक मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी त्याचं बिनसलं आणि काही महिन्यांतच त्याला पक्षातून काढलं गेलं. सत्ता कुणाचीही असो, ती माणसाला चिरडतेच, या निष्कर्षाला येऊन तो अराजकवादी झाला आणि मरेपर्यंत त्या मतापासून ढळला नाही.

अशा माणसाशी माग्दाने लग्न केलं. 1922 च्या अखेरीस दोघं रशिया सोडून बर्लिनला गेली. त्स्वेतायेवाही त्याच वर्षी देश सोडून बर्लिनला आली होती, पण नोव्हेंबरमध्ये माग्दा पोचली त्याआधीच ती तिथून निघून गेली होती. या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत. पुढे त्स्वेतायेवा रशियाला परतली आणि 1941 मध्ये तिने येलाबुगा गावी गळफास घेतला.

बर्लिनमध्ये रशियन निर्वासितांचं एक गावच वसलं होतं. त्यांची वर्तमानपत्रं होती, प्रकाशनं होती, खानावळी होत्या. भारतीय क्रांतिकारकांचाही तिथे अड्डा होता आणि ब्रिटिश गुप्तहेर त्यांच्या मागावर होते. आचार्यकडे पासपोर्ट नव्हता, धड नोकरी नव्हती, त्याचे लेख छापून यायचे पण त्यात पैसा नव्हता. घर मुख्यतः माग्दाच्या कुंचल्यावर चालायचं. 1928 मध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ‘रूल’ या रशियन दैनिकात त्याचं परीक्षण एका तिशीच्या आतल्या लेखकाने लिहिलं. तो नबोकोव्ह. ‘लोलिता’ लिहायला त्याला अजून बराच अवकाश होता. 1933 च्या सुमारास माग्दाने त्याचं, त्याच्या बायकोचं आणि आईचंही व्यक्तिचित्र केलं. नबोकोव्हच्या त्या मूळ चित्राचा आज पत्ता नाही.

त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. ज्यू बापाची मुलगी आणि सावळा, अराजकवादी नवरा. बर्लिनमध्ये राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं होतं. आधी झुरिक, मग पॅरिस. बऱ्याच खटपटीनंतर आचार्यला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला. 1935 मध्ये पंचवीसेक वर्षांनी तो मायदेशी परतला आणि मुंबईत उतरला. माग्दा मागाहून, 1936 च्या सुमारास आली. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं, तिसरा देश, चौथी भाषा.

आचार्य मुंबईत राहून लेख लिहीत राहिला. लंडनच्या दिवसांच्या त्याच्या आठवणी 1937 मध्ये पुण्याच्या ‘मराठा’ साप्ताहिकातून क्रमाने छापल्या गेल्या. टिळकांनी सुरू केलेलं हे इंग्रजी पत्र. रणछोडदास लोटवाला या धनिक आणि विचारी माणसाचा आधार आचार्यला पुढे मिळाला. पण आचार्यच्या विचारांना गिऱ्हाईक नव्हतं. काँग्रेसला तो नको, कम्युनिस्टांना तर नकोच.

माग्दाचं तसं झालं नाही. मुंबईने तिला सामावून घेतलं.

त्या वेळची मुंबईची चित्रकला कुठे उभी होती, हे ध्यानात घेतलं पाहिजे. 1888 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी दरवर्षी प्रदर्शन भरवायची आणि तिथे बक्षीस मिळालं की चित्रकाराला मान्यता मिळायची. धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्यांनी तयार केलेली सफाईदार वास्तववादी परंपरा मराठी चित्रकारांच्या हाडीमाशी मुरली होती. दुसरीकडून अमृता शेरगिलसारखी चित्रकर्ती वेगळ्या वाटेने येत होती. 1937 मध्ये सोसायटीचं सुवर्णपदक तिला मिळालं. अशा वळणावर माग्दा इथे आली, सोसायटीच्या प्रदर्शनांत नेमाने चित्रं लावू लागली आणि बक्षिसंही मिळवू लागली.

युरोपातून पळून आलेली ती एकटीच नव्हती. रुडॉल्फ फॉन लायडन 1933 पासून मुंबईत होता आणि टाइम्स ऑफ इंडियात कलेवर लिहायचा. व्हिएन्नाचा वॉल्टर लँगहॅमर टाइम्सचा कलासंचालक झाला. नेपियन सी रोडवरच्या त्याच्या घरी होतकरू चित्रकारांची ऊठबस असे. हिल्डे होल्गर ही व्हिएन्नाची नर्तकी 1939 मध्ये जीव वाचवून मुंबईला आली, एका पारशी डॉक्टरशी तिने लग्न केलं आणि इथे नृत्यशाळा काढली. तिच्या कार्यक्रमांसाठी माग्दाने पोशाख आणि नेपथ्य आखलं, तिच्या मंडळीतल्या नाचणाऱ्या मुलींची चित्रं काढली. उस्त-दोलिस्सीच्या शेतकऱ्यांसाठी पडदे रंगवणारा हात वीस वर्षांनी मुंबईच्या रंगमंचावर पुन्हा कामाला लागला. युद्ध पेटल्यावर जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना शत्रुराष्ट्राचे म्हणून अहमदनगर, पुरंदर, सातारा इथल्या छावण्यांत डांबलं गेलं. त्यांत हिटलरपासून पळालेले ज्यूही होते. आचार्यची बायको म्हणून माग्दा ब्रिटिश प्रजाजन होती. ज्या पासपोर्टसाठी दोघांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले, त्याचा असा उपयोग झाला.

वाळकेश्वरला, मलबार हिलवरच्या रिज रोडला त्यांचं बिऱ्हाड होतं. सभोवती शेटलोकांचे बंगले, आणि हे जोडपं कायम ओढाताणीत. व्यक्तिचित्रांची कामं यायची ती मुंबईच्या सधन घरांतून. पण स्वतःच्या ओढीने तिने जे रंगवलं ते गोरगरिबांचं आयुष्य. कष्टकरी, भिकारी, लेकुरवाळ्या बाया. साहेबी चित्रकार हिंदुस्थानात येऊन ‘नेटिव’ माणसाला रंगीबेरंगी नमुना करून टाकायचे, तसं तिच्या हातून होत नव्हतं. उपासमार तिने स्वतः भोगली होती. रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडे ती वरून पाहत नव्हती. तिच्या समकालीन समीक्षकांना तिच्या चित्रांतला हा जिव्हाळा जाणवला होता, आणि मला तिची सर्वांत मोठी कमाई हीच वाटते. तंत्राच्या नव्या खेळांत तिला फारसा रस नव्हता. पॅरिसमध्ये काय चाललं आहे हे ठाऊक असूनही ती माणसाच्या चेहऱ्याशी इमान राखून राहिली.

1947 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे या सहा जणांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जन्माला आला. या मुलांना उभं करणाऱ्यांत लायडन, लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर ही तीन नावं प्रत्येक पुस्तकात येतात, आणि ते रास्तच आहे. त्यांनी चित्रं विकत घेतली, लेख लिहिले, युरोपातली पुस्तकं दाखवली. पण याच वर्तुळात एक बाई होती जिने या तिघांच्याही आधी, थेट बाक्स्टच्या हाताखाली आधुनिक चित्रकलेचे धडे गिरवले होते. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या कामात ती होती, तरुण चित्रकारांच्या उमेदवारीला तिचं प्रोत्साहन असायचं. ती आपल्या कलेतिहासाच्या पानावर का नाही? ती वर्तमानपत्रात स्तंभ लिहीत नव्हती, तिच्याकडे विकत घ्यायला पैसा नव्हता, तिच्या मागे मूलबाळ नव्हतं आणि ती बाई होती. चारही कारणं खरी आहेत. त्यातलं एकही तिच्या चित्रांबद्दल काही सांगत नाही.

1951 च्या फेब्रुवारीत ती गेली. जहांगीर आर्ट गॅलरीचं उद्घाटन 21 जानेवारी 1952 ला बाळासाहेब खेरांच्या हस्ते झालं. मुंबईच्या चित्रकारांना हक्काचं दालन मिळालं, तेव्हा तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

आचार्य मागे राहिला. क्षयाने पोखरलेला, कफल्लक, एकटा. घर तिच्या कमाईवर चालत होतं, ती कमाईही गेली. मार्च 1954 मध्ये मुंबईतच तो वारला. घरात सांभाळायला कुणी उरलं नाही. चित्रं विखुरली. काही मुंबईच्या घरांत भिंतीवर राहिली, काही मित्रांबरोबर परदेशी गेली, बाकीची कुठे गेली हे शोधणं आता आपल्याकडे आहे.

रशियात तिची आठवण त्स्वेतायेवाच्या एका चित्रापुरती उरली होती, आणि आपल्याकडे तेवढीही नाही. लीना बर्नस्टाईन या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी पत्रं, दफ्तरखाने आणि मुंबईतली जुनी घरं पालथी घालून तिचं इंग्रजी चरित्र लिहिलं. ते 2020 मध्ये आलं. चिकाटीने केलेलं हे काम आहे. पण मुंबईतली तिची पंधरा वर्षं खऱ्या अर्थाने भरून काढायची तर ते इथल्याच माणसांना जमेल, कारण कागद इथे आहेत आणि घरंही इथेच आहेत.

यासाठीच दिवा, डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या वाचकांना विनंती करायची आहे. गिरगाव, खेतवाडी, ग्रँट रोड, वाळकेश्वरच्या चाळींतून आणि वाड्यांतून निघालेली कितीतरी मराठी कुटुंबं गेल्या साठ-सत्तर वर्षांत मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात येऊन स्थिरावली. येताना पत्र्याच्या ट्रंका आल्या, आजोबांच्या तसबिरी आल्या, जुनी पुस्तकं आली. तुमच्या घरात कुणी जे.जे.त शिकलं असेल, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सभासद असेल, टाइम्समध्ये किंवा छापखान्यात कामाला असेल, तर चाळीसच्या दशकातले प्रदर्शनांचे कॅटलॉग, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं माळ्यावर असण्याची शक्यता आहे. एखादं जुनं व्यक्तिचित्र असेल आणि त्याच्या कोपऱ्यात रोमन अक्षरांत नाखमन हे नाव दिसलं, तर ते पुसू नका, नव्या फ्रेमवाल्याकडे टाकू नका, रद्दीत तर मुळीच घालू नका. पुढून आणि मागून त्याचे फोटो काढा, घरात ते कसं आलं हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा आणि जे.जे.मधल्या किंवा एखाद्या संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. कॅटलॉगचं एक पान सापडलं तरी त्यावरून एक चित्र, एक वर्ष आणि एक पत्ता नक्की करता येतो.

माळा आवरायला काढाल, तेव्हा एवढं जरूर करा.